फोर-लो कधी टाकायचा, कसा चालवायचा: मराठवाड्यातल्या रानवाटांवर नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी घेतलेले बरेच जण फोर-हायपर्यंत (चारही चाकं, पण नेहमीचे गियर) जातात आणि तिथंच थांबतात. त्याच्या पुढचा लो गियर, म्हणजे फोर-लो, तसाच पडून राहतो. मग एखाद्या ऑगस्टात वावरातून परत येताना गाडी काळ्या मातीत बसते, तेव्हा कुठं लिव्हर आठवते. तोवर चारही चाकं अ‍ॅक्सलपर्यंत (चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यापर्यंत) गेलेली असतात आणि लो टाकूनही काही उपयोग होत नाही. म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात घ्या: लो गियर अवघड जागेच्या अलीकडे, घट्ट जमिनीवर उभं राहून टाकायचा असतो.

लो म्हणजे नेमकं काय होतं

ट्रॅक्टर चालवलेल्याला हे समजवायची गरज नाही. ट्रॅक्टरला मुख्य गियरच्या जोडीला हाय-लोची वेगळी दांडी असते. नांगराला लो, रिकामी ट्रॉली घेऊन डांबरीनं जाताना हाय. फोर बाय फोर गाडीतली दुसरी लिव्हर हेच काम करते. गियरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची पेटी असते. तिच्यात एक जास्तीची दात्यांची जोडी आहे, आणि लो टाकला की इंजिनाचे फेरे त्या जोडीतून आणखी कमी होऊन चाकांपर्यंत जातात. फेरे जितके कमी, तितका चाकावरचा जोर जास्त.

जिमनीचं गणित मांडून बघू. तिचा पहिला गियर ४.४२५, ट्रान्सफर केसचा लो २.००२, आणि अ‍ॅक्सलमधला शेवटचा गुणक ४.०९०. तिन्हींचा गुणाकार साधारण ३६ येतो. म्हणजे इंजिनानं ३६ फेरे मारले की चाक एकदा फिरतं. इंजिन नुसतं चालू ठेवलं, मिनिटाला ८०० फेरे धरले, तर गाडी ताशी जेमतेम ३ किलोमीटरनं सरकते. माणूस निवांत चालताना यापेक्षा पुढं जातो. हायमध्ये तोच पहिला गियर ताशी ६ च्या आसपास नेतो. थारचा लो तर सुमारे अडीचपट आहे, त्यामुळं तिथं फरक आणखी जाणवतो.

नवशिक्यांना या गणितातला जोराचा भाग आवडतो. मला विचाराल तर खरी कमाई वेगाची आहे. ताशी ३ च्या वेगात दगड दिसतो, चाक कुठं ठेवायचं ते ठरवता येतं, क्लच दाबून धरावा लागत नाही आणि उतारावर ब्रेक तापत नाहीत. बालाघाट डोंगराच्या मुरमाड उतारांवर आणि नदी-ओढ्यांच्या दगडगोट्यांत गाडी सुखरूप बाहेर येते ती या संथपणामुळं.

आधी आपली गाडी ओळखा

थार, जिमनी, गुरखा, स्कॉर्पिओ-एनचं फोर बाय फोर मॉडेल, फॉर्च्युनर, हायलक्स, व्ही-क्रॉस, जुन्या जिप्सी आणि महिंद्राच्या फोर बाय फोर जीपा, या सगळ्यांत लो गियर आहे. ग्रँड विटाराचं किंवा एक्सयूव्ही ७००चं ऑल-व्हील-ड्राइव्ह मॉडेल मात्र वेगळं. चारही चाकांना ताकद जाते, पण लो गियर नाही. पावसात डांबरीवर त्या गाड्या चांगल्या चालतात. खाली लिहिलेलं उताराचं आणि खडकाचं तंत्र त्यांच्यावर करून पाहू नका.

लिव्हरवर किंवा बटणावर साधारण चार खुणा असतात. टू-हाय म्हणजे दोन चाकांची रोजची गाडी. फोर-हाय म्हणजे चारही चाकं, नेहमीचे गियर. फोर-लो म्हणजे चारही चाकं, कमी केलेले गियर. आणि मधे कुठंतरी एन, म्हणजे न्यूट्रल.

या एन ला जपून. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असली की मुख्य गियर पहिल्यात टाकलेला असो की ऑटोमॅटिक पार्कमध्ये असो, चाकांना धरून ठेवणारं काहीच राहत नाही. गाडी उतारावर सरळ चालू पडते. लो बदलताना हँडब्रेक ओढलेला असलाच पाहिजे, आणि लिव्हर अर्धवट सोडून कोणी गाडीतून खाली उतरायचं नाही.

जुन्या काही जीपांना पुढच्या चाकांवर हातानं फिरवायचे हब असतात. ते लॉक केल्याशिवाय आतली लिव्हर कितीही ओढली तरी पुढची चाकं कामाला लागत नाहीत.

लो टाकायची पद्धत

पहिला सराव सोयाबीन निघालेल्या, वाळलेल्या वावरात किंवा गावाशेजारच्या माळावर करा. जमीन ज्याची त्याला विचारून. डांबरीवर किंवा सिमेंट रस्त्यावर अजिबात नको. कारण पुढं येईलच.

गाडी पूर्ण थांबवा. स्टीअरिंग सरळ. हँडब्रेक ओढा. क्लच तळापर्यंत दाबा आणि मुख्य गियर न्यूट्रलमध्ये घ्या. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवर पाय आणि गियर एन मध्ये. आता दुसरी लिव्हर फोर-हायमधून फोर-लोकडे न्या, एका दमात, मधे न थांबता. काही गाड्यांत ती खाली दाबून मग ओढावी लागते. डॅशबोर्डवरचा फोर-लोचा दिवा स्थिर पेटला की काम झालं. दिवा लुकलुकत असेल तर दाते अजून बसलेले नाहीत.

बसत नसेल तर जोर लावू नका. दात्यासमोर दाता आला की असं होतं. लिव्हर परत फोर-हायमध्ये घ्या, गाडी हातभर पुढं-मागं सरकवा, थांबा आणि पुन्हा करा. खरखर आवाज आला तर गाडी पूर्ण थांबलेली नव्हती.

आता पहिला गियर टाका, क्लच हळू सोडा आणि पाय बाजूला घ्या. अ‍ॅक्सिलरेटरला हात लावल्यासारखंही करू नका. गाडी आपली आपण सरकत राहील. या अवस्थेत माळावरून एक चक्कर मारा, छोट्या बांधावरून, दगडावरून न्या. इंजिन किंचित कुंथेल, पण बंद पडणार नाही. मग रिव्हर्स टाकून तेच करा. नवशिक्याचा पाय क्लचवर जायची सवय इथंच मोडली पाहिजे. लोमध्ये क्लच अर्धा दाबून गाडी चालवली तर क्लचप्लेट जळते आणि हातात काबूही राहत नाही.

लोमध्ये वेग ताशी ३०-४० च्या पुढं नेऊ नका. इंजिन ओरडायला लागतं ते उगाच नाही.

कुठला लो गियर कुठं

लो म्हणजे लो-पहिला, असं धरून चालणारे खूप. ते चुकीचं आहे. खडकावरून चढायला-उतरायला आणि तीव्र उताराला लो-पहिला. सुट्या मुरमाचा चढ असेल तर लो-दुसरा, कारण पहिल्यात जोर इतका येतो की चाक खडी मागं फेकतं आणि जागेवर फिरतं. चिखल आणि वाळूला लो-दुसरा किंवा तिसरा. लोमध्ये दुसऱ्या गियरवर गाडी उभ्या जागेवरून सहज उठते, काळजी नको.

ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड घ्यावा, म्हणजे चढाच्या मधेच गाडी स्वतःहून गियर बदलणार नाही.

चढ

चढाखाली थांबा, उतरा आणि पायी वर जाऊन या. पलीकडं काय आहे ते दिसल्याशिवाय गाडी चढवू नका. बालाघाटात कित्येक टेकाडांच्या पलीकडं जुनी खाण किंवा शेततळं असतं.

गियर खालीच ठरवायचा. चढाच्या मध्यावर गियर बदलायला क्लच दाबला की गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी मागं येते. सरळ चढा. तिरकं चढणं सोपं वाटतं, पण गाडी आडवी होते आणि आडव्या गाडीला उलटायला फार लागत नाही. अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा. माथा जवळ आला की पाय हलका करा.

नाही चढली तर? गाडी वळवायचा विचार डोक्यातून काढा. ब्रेक घट्ट दाबा. इंजिन बंद पडलं असेल तर ब्रेक न सोडता क्लच दाबून चालू करा, रिव्हर्स टाका, आणि क्लच सोडता सोडताच ब्रेकही हळूहळू मोकळा करा. लो-रिव्हर्समध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ती आल्या चाकोरीनं मुंगीच्या पावलानं खाली येते. मागं बघा, स्टीअरिंग सरळ ठेवा. चढायच्या आधी हे मागं येणं छोट्या चढावर मुद्दाम करून पाहा.

उतार

उताराच्या तोंडाशी थांबून लो-पहिला. गाडी पुढं झुकली की दोन्ही पाय पेडलवरून काढून फरशीवर ठेवा. हे करायला मन तयार होत नाही, ब्रेक दाबावासा वाटतो. सरळ, कोरड्या उतारावर सुरुवात केली की दोन-तीन फेऱ्यांत भीती जाते. इंजिनाचा आवाज थोडा चढतो, आणि गाडी तेवढ्याच संथ चालीनं खाली येते. क्लच मात्र कुठल्याही परिस्थितीत दाबायचा नाही. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटली, आणि मग गाडी नुसती घसरगुंडीवर.

सुट्या मुरमावर गाडीची मागची बाजू एका अंगाला सरकू लागली तर ब्रेक मारू नका, अ‍ॅक्सिलरेटर किंचित द्या. चाकं जमिनीच्या वेगानं फिरू लागली की गाडी पुन्हा सरळ होते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाचा अडसर कमी मिळतो, तिथं हलका ब्रेक लागतोच. हिल-डिसेंट (उतारावर गाडी आपोआप संथ ठेवणारी सोय) असेल तर ते वापरा.

दगड

आपल्याकडचा खडक बेसॉल्टचा. ओढ्यात त्याचे गोल, गुळगुळीत धोंडे असतात आणि ओले झाले की निसरडे. मोठा धोंडा गाडीच्या पोटाखाली घ्यायचा नाही, चाक त्याच्यावर चढवायचं. मागच्या अ‍ॅक्सलचा डिफरेन्शियलचा गोळा (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणारी पेटी) सगळ्यात खाली असतो, धोंडा नेमका तिथं बसतो. एक माणूस खाली उतरून साइड दाखवायला हवा, आणि एकच. चार जण चार बाजूंनी ओरडायला लागले की चालकाचा गोंधळ होतो. अंगठे स्टीअरिंगच्या कड्याच्या आत अडकवू नका. चाकानं झटका दिला की अंगठ्याला इजा होते.

काळी माती

इथं जरा थांबतो, कारण मराठवाड्यात गाडी फसते ती बहुतेक इथंच. बाहेरच्या शिकवणीत वाळवंटाची वाळू असते, जंगलातला चिखल असतो. आपली भारी काळी जमीन दोन्हींपेक्षा वेगळी. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन झालेली ही माती. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. ओली झाली की दोन गोष्टी होतात. वरचा थर साबणासारखा होतो, आणि खालचा थर चाकाला चिकटतो.

चिकटणं जास्त वाईट. टायरच्या खाचा पहिल्या पन्नास-शंभर फुटांतच भरतात आणि नवा कोरा ऑफ-रोड टायर गुळगुळीत होऊन जातो. मग माती चाकावरून वर चढून चाकाच्या कमानीत भरते. पऱ्हाट्याच्या काड्या, गवत, सगळं त्यात मळलं जातं. शेवटी चाक आणि बॉडी यांच्यात जागाच उरत नाही आणि चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी लोचा जोर लावून चाक फिरवलं तर मडगार्डचं अस्तर फाटतं, ब्रेकची नळी ओढली जाते. गाडीत खुरपं ठेवा. उतरा, कमानीतली माती खरवडून काढा, मग पुढं.

शेतकरी पेरणीआधी वाफसा बघतो. तोच नियम गाडीला लावा. मातीचा लाडू वळा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडा. फुटला तर जमीन गाडी पेलते. तसाच चेपून बसला, किंवा बुटाला माती धरून पाय जड झाला, तर त्या दिवशी पाणंदीनं जायचं नाही. भारी जमिनीत मोठ्या पावसानंतर वाफसा यायला कित्येक दिवस लागतात. चिबड वावरात त्याहूनही जास्त. हे गाडीपुरतंच नाही. ओल्या पाणंदीत गाडीनं पाडलेल्या चाकोऱ्या पुढं वाळून दगडासारख्या होतात आणि त्याच वाटेनं शेजाऱ्याला बैलगाडी न्यायची असते, बाईमाणसाला डोक्यावर भारा घेऊन चालायचं असतं. हौसेसाठी पाणंद खराब करू नये, हे मला मनापासून वाटतं.

तरीही मधे एखादा ओला पट्टा पार करावाच लागला, तर असं करा. टायरची हवा नेहमीपेक्षा चौथा हिस्सा कमी करा. अलीकडच्या घट्ट जागेवर लो टाका. गियर दुसरा किंवा तिसरा. पहिल्यात चाक इतकं हळू फिरतं की खाचांतली माती बाहेर फेकलीच जात नाही, आणि जोर जास्त म्हणून पकड लवकर सुटते. एकसारख्या वेगानं शिरा, मधे थांबू नका, मधे गियर बदलू नका. गाडी मंदावली तर स्टीअरिंग थोडं डावं-उजवं हलवत राहा. टायरच्या कडांना नवी माती मिळते.

चाकं फिरताहेत आणि गाडी हलत नाही असं दिसलं की पाय त्याच क्षणी उचला. पुढचा प्रत्येक फेरा खड्डा खोल करतो. लो-रिव्हर्स टाका आणि आपल्याच चाकोरीतून मागं या, ती वाट दाबली गेलेली असते. नाही आली तर खोऱ्यानं चाकापुढची माती काढा, तुराट्या किंवा पऱ्हाट्या अंथरा. गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडं डिफरेन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकसारखंच फिरवणारे) आहेत, ते सरळ जाताना लावा आणि बाहेर आलात की लगेच काढा. लॉक लावून गाडी नीट वळत नाही.

शेवटी ट्रॅक्टर आहेच, आणि आपल्याकडं शिवारात कोणी नाही म्हणत नाही. दोर गाडीच्या ठरलेल्या टो-हुकाला लावा, बंपरला किंवा मागच्या ट्रॉलीच्या गोळ्याला नाही. दोरावर ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तरी उसळणार नाही. बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करा. ट्रॅक्टरनं झटका न देता हळू ताण घ्यायचा, आणि तुमची गाडी लो-दुसऱ्यात हलकेच साथ देत ठेवायची.

वाळू आणि पाणी

गोदावरीच्या कोरड्या पात्रात लो-दुसरा किंवा तिसरा, हवा आणखी कमी, वळण मोठं घ्या, आणि थांबायचं झालं तर ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या. कमी हवेच्या टायरची बाजू फुगते आणि वेड्या बाभळीचा काटा तिथं सहज शिरतो, म्हणून काठावरच्या झुडपांपासून लांब. डांबरी लागायच्या आत हवा परत भरा. १२ व्होल्टचा पंप गाडीत हवाच.

ओढा आधी काठी घेऊन पायी ओलांडा. पाणी संथ आणि चाकाच्या मध्याच्या खाली असेल तरच गाडी घाला. लो-दुसरा, एकसारखा वेग, क्लचला हात नाही. बाहेर आलात की दोन-चारदा हलका ब्रेक दाबून तो कोरडा करा. थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर पाणी सांगते, पण तो आकडा उभ्या पाण्याचा समजा. वाहतं पाणी गाडीला तळातून उचलतं, आणि उचललेल्या चाकाला लो काय नि हाय काय. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडं पाण्यानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर इंजिन बंद करून अलीकडे बसा.

परत डांबरीवर

लो काढायचा तो डांबरी लागायच्या आधी, मातीवरच. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. अशा बहुतेक गाड्यांत फोर-हाय किंवा फोर-लोमध्ये पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना पक्का जोडलेला असतो. मातीवर चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. डांबरीवर घसरायला जागा नाही, म्हणून सगळा ताण ट्रान्सफर केसवर आणि शाफ्टवर येतो. स्टीअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, आणि लिव्हर अडकून बसते. अडकली तर सरळ रेषेत थोडं मागं घ्या; ताण सुटला की लिव्हर मोकळी होते.

घरी आल्यावर त्याच दिवशी धुवा. काळी माती एकदा वाळली की पाण्याच्या फवाऱ्यालाही दाद देत नाही. कमानी, चाकाची आतली बाजू आणि रेडिएटरची जाळी आधी. चाकाच्या आत एका बाजूला माती राहिली तर ताशी ८० ला स्टीअरिंग थरथरतं आणि माणूस उगाच अलाइनमेंट करत बसतो. पाण्यातून गेला असाल तर मेकॅनिककडून दोन्ही डिफरेन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल तपासून घ्या. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. ऑइल बदलल्याशिवाय गाडी पुन्हा रानात घालू नका.